शून्य मिनिटांची फेरी

कुणाला सांगून पटणार नाही, पण मी एकदा बसल्या जागी चाळीस वर्षं चालवली आणि शेवटच्या वर्षातलं शेवटचं कपाट तयार होऊन बाहेर पडलं तेव्हा माझ्यापुढचा चहा अजून कोमट होता. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वहिनी हसून हसून भिंतीला टेकली होती आणि दादा म्हणाला होता, "थापाड्या, निदान चहा तरी थंड कर." गंमत अशी, की जन्मभर मारलेल्या थापांपैकी ही एकच अक्षरशः खरी. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात माझं कामच ते होतं. संगणकाच्या पडद्यावर कारखान्यासारखा कारखाना मांडायचा, त्यात एका टोकाने पत्रा सोडायचा, आणि खऱ्या कारखान्यात वर्षभरात जे होईल ते आठ-दहा सेकंदांत बघून साहेबांना सांगायचं. हे खरं असून कुणाला खरं वाटलं नाही. उलट ज्या एका गोष्टीवर विश्वास बसावा म्हणून मी बावीस वर्षं जिवाचा आटापिटा करतोय, ती सपशेल थाप आहे. आणि ज्याचा विश्वास मला हवा आहे तो माणूस उद्या सकाळी हे शहर सोडून जाणार आहे.

दादा-वहिनी लेकीकडे राहायला चाललेत, दूरच्या शहरात, कायमचे. दादाचे गुडघे गेले. इथे तिसरा मजला आणि जिना, तिथे लेकीचं घर तळमजल्यावर. सामान आज पुढे जाणार, माणसं उद्या. दुपारी मी पोचलो तेव्हा खोलीभर खोकी, सुतळी, वर्तमानपत्रांचे बोळे, आणि भिंतीवर कपाट होतं तेवढाच एक उजळ चौकोन, जणू भिंतीला कपाटाखेरीज कुणी कधी पाहिलंच नव्हतं. सामान नेणाऱ्या दोघांनी कपाट ढकलगाडीवर उभं केलं, जिन्याच्या तोंडापर्यंत न्यायला, आणि गाडी उंबऱ्याला अडली. ठक्. एवढंच झालं. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बाहेर बघत बसला होता, गाडीकडे त्याची पाठ होती. पण खुर्चीच्या हातांवर ठेवलेले त्याचे दोन्ही पंजे एकदम खाली दाबले गेले, मनगटं ताठ झाली, मानेची शीर उठली. गाडीची मूठ खाली दाबली की पुढची चाकं उचलली जातात आणि उंबरा पार होतो. त्याने वळून पाहिलं नाही. आवाज कानांनी ऐकला की हातांनी, कोण जाणे. तेवढ्यात त्या दोघांतल्या एकाने गाडी उचलून घेतली, म्हणाला, "झालं, आजोबा," आणि दादाचे हात पुन्हा म्हाताऱ्याचे झाले. मी खोक्यावर बसलो.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता असं म्हटलं तर ती आणखी एक थाप होईल. मी तो कधी ऐकलाच नव्हता, कारण ऐकायला मी कधी खाली उतरलोच नव्हतो. आमच्या कारखान्यात रंगखातं एका शेडमध्ये आणि जोडणीखातं दुसऱ्या. मध्ये उघडं आवार, त्यात एक उतार, आणि उतार संपतो तिथे नालीवर टाकलेली लोखंडी जाळी. भट्टीतून निघालेली कपाटांची दारं गाडीवर उभी लावायची आणि जोडणीत नेऊन द्यायची, हे बारा जणांचं काम. त्या बारांत दादा सगळ्यांत जुना. दार गरम असेपर्यंत रंग हळवा असतो. दारावर दार घासलं की पांढरी रेघ उठते आणि ते दार परत मागे. म्हणून उतार आला की दादा गाडीच्या पुढे जायचा, तोंड गाडीकडे करायचा आणि उलट्या पावलांनी उतरायचा, सगळा भार छातीवर घेऊन. हे मला वहिनीने सांगितलं. त्याच्या सदऱ्याची तिसरी गुंडी नेहमी तुटलेली असायची, ती लावता लावता. मी वर काचेच्या खोलीत, गार हवेत. मला तिथे चिकटवलं तेही दादानेच. साहेबांच्या मागे लागून म्हणाला होता म्हणे, "भाऊ शिकलाय आमचा, त्याला गाडीवर नका घालू." त्या काचेतून आवार दिसायचं. पण काचेतून दिसणाऱ्या माणसाच्या गाडीचा आवाज येत नाही, आणि वरून पाहिलं की उतार सपाट दिसतो.

"भावोजी, असे काय बसलात तोंड पाडून?" वहिनी कप घेऊन आली. कपही दोनच उरले होते, बाकीचे बांधलेले. ती स्वतः वाटीतून चहा पीत होती. "एक शेवटची थाप होऊन जाऊ दे. उद्यापासून आम्हाला टीव्हीवरच भागवायचंय."

"त्याला आग्रह कशाला करतेस," दादा खिडकीकडे बघतच म्हणाला. "नळ आहे तो. नाही म्हटलं तरी गळतो."

मला माहीत होतं मी कोणती सांगणार. तीच, यंत्राने आकडा खाल्ल्याची. पण ती कळायला त्या कामाची तोंडओळख हवी, आणि ती मी तुम्हाला करून देतो. घाबरू नका, पोरखेळ आहे. रंगखात्याचा पडद्यावरचा कारखाना मी मांडला होता. जोडणीखात्याचा बाहेरच्या कुणी मांडून दिला होता. दोन्ही आपापल्या जागी झकास चालायचे. साहेबांना हवं होतं दोन्ही मिळून एक: इकडून बाहेर पडलेलं दार तिकडे आत शिरलं पाहिजे. पहिले दोन आठवडे शिरेचना. माझ्याकडे त्याचं नाव 'डावं दार', त्यांच्याकडे 'दार डावं', तेवढ्यावरून त्यांनी ओळख दाखवायचं नाकारलं. माझी दारं सीमेवर साचत गेली, शंभर, चारशे, बाराशे, आणि पलीकडची यंत्रं रिकामी बसलेली. एक-एक नाव जुळवून घेतलं. मग इकडच्या बाहेर पडायच्या टोकापासून तिकडच्या आत शिरायच्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. त्या रेघेवर टिचकी मारली की एक लहान चौकट उघडते. तिच्यात दोनच प्रश्न. नेणार कोण? पोचायला वेळ किती? तुम्ही काही भरलं नाहीत तर पहिल्यापुढे 'कुणी नाही' आणि दुसऱ्यापुढे शून्य असं आधीपासून लिहिलेलं असतं. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण आधी ती चौकट तशीच सोडतो. दारं पलीकडे जातात ना, एवढं बघायचं. वेळ काय, मागाहून मोजून भरता येतो. मीही तेच केलं. रेघ हिरवी झाली. इकडे दार नाहीसं व्हायचं आणि त्याच क्षणी तिकडे हजर. मी टाळी वाजवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

आणि ते शून्य मला जराही खटकलं नाही, हे मी पुढे कितीदा आठवलं. खटकणार तरी कसं. लहानपणी दीड वर्षं माझा पाय धड नव्हता आणि दादा मला पाठीवर घेऊन शाळेत पोचवायचा. तो अकरा वर्षांचा, मी सहाचा. त्या वाटेचं माझ्या डोक्यात काहीही नाही. घराचं दार आहे. दादाच्या मानेचा साबणाचा वास आहे, माझ्या गालाला रुतणारं त्याच्या खांद्याचं हाड आहे, आणि एकदम शाळेचं दार आहे. मी कित्येक वर्षं लोकांना सांगायचो, आमची शाळा घराला लागूनच होती. पन्नाशी उलटल्यावर एकदा त्या भागात काम निघालं म्हणून सहज चालत गेलो. अठ्ठावीस मिनिटं. दोनदा मोठा रस्ता ओलांडायचा, मध्ये खडी पसरलेला लांबच लांब पट्टा, आणि शेवटी चढ. चढाच्या निम्म्यावर मी एका फाटकाला धरून दम खात उभा राहिलो. आतून एक बाई म्हणाली, "काय हवंय?" मी म्हटलं, काही नाही. पाठीवर कुणी नसतानाची ही गत.

"तर वहिनी," मी सुरू केलं, "त्या दिवशी अकरा वाजता साहेबांना दाखवायचं होतं. सकाळी मी चौकट उघडली, दादाच्या फेरीला लागतो तेवढा वेळ भरला, चौकट मिटली. सहज पुन्हा उघडून बघतो तर शून्य!"

"अगंबाई. यंत्र आकडे खातं?"

"खातं. वर ढेकरही देत नाही. पुन्हा भरला, पुन्हा शून्य. माझा घाम निघाला. आणि तेवढ्यात पडद्यावर, दोन शेडांच्या मध्ये, जिथे मी काडीही मांडली नव्हती तिथे, एक माणूस. एवढासा, मुंगीएवढा. पुढ्यात गाडी, आणि उलट्या पावलांनी उतरतोय."

"सदऱ्याच्या गुंड्या होत्या का सगळ्या?"

"तिसरी नव्हती."

वहिनी खळखळून हसली, वाटीतला चहा हिंदकळला. दादा हसला नाही. त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. बावीस वर्षं मी ही गोष्ट त्या पाठीला, त्या कानाला, क्वचित त्या तोंडाला सांगतोय, आणि दर वेळी शेवटी थांबून वाट पाहतोय की तो एकदा म्हणेल, "असेल बाबा. यंत्रच ते." एवढं एकच वाक्य. त्याने ते म्हटलं की माझं मलाही पटेल, अशी माझी खात्री आहे. थापाड्याला स्वतःची थाप स्वतःच्या तोंडून कधी पटत नाही, दुसऱ्याच्या तोंडून पटते. त्याने कधी विचारलं नाही, कधी नाकारलं नाही. गोष्ट संपली की म्हणायचा, "चल, जेवून जा."

घडलं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी फाटकाशी मी दादाला गाठून म्हटलं, उद्या साहेबांना दाखवायचंय, तुझ्या एका फेरीला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोज आणि लिहून दे. तो म्हणाला, बघतो. सकाळी कामाचा भोंगा होता होता त्याने माझ्या हातात घडी घातलेला कागद कोंबला. दारांना नावाची चिठ्ठी बांधतात तो पांढरा दोरा त्याने वरून दोनदा गुंडाळून गाठ मारली होती. गाडीवाल्यांना वर यायची मुभा नव्हती. "वर जाऊन बघ," म्हणाला आणि पळाला. मी कागद कोटाच्या खिशात ठेवला. वर गेलो. शून्यावर माझा कारखाना दिवसाला चारशे साठ कपाटं काढत होता. साहेबांना हवी होती साडेचारशे. मध्ये कितीही थोडा वेळ भरला तरी आकडा गडगडणार, हे मला भरून न बघताही कळत होतं. आठ वाजले, नऊ वाजले. कागद खिशात, छातीला लागून. नऊच्या सुमाराला मी एकदा काचेपाशी गेलो आणि खाली न बघता परत आलो. उघडला असता तर आकडा मला कळला असता, आणि कळलेला आकडा न भरणं म्हणजे लबाडी. न कळलेला न भरणं म्हणजे काम बाकी असणं. कामं सगळ्यांचीच बाकी असतात. मी दोऱ्याच्या गाठीवरून अंगठा फिरवत बसलो, आणि अकरा वाजले.

साहेबांनी रेघेवर टिचकी मारायला लावली. चौकट उघडली. त्यांनी मोठ्याने वाचलं, "नेणार कोण? कुणी नाही." मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे बघून म्हणाले, "अरे वा! मग आपण कुणाला पोसतोय?" सगळे हसले. मीही हसलो.

महिन्याभरात बारा जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांच्याऐवजी फिरता पट्टा बसवला. पट्टा उतारावर थरथरायचा, दारं एकमेकांना घासायची, रेघा उठायच्या. परत आलेल्या दारांचा ढीग नालीच्या जाळीपाशी वाढत गेला, आणि वरून काचेतून तो मला दिसायचा, शंभर, चारशे, बाराशे. दोन वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. मला दुसरीकडे लगेच काम मिळालं. दोन कारखाने जोडता येणारी माणसं तेव्हा कमी होती. दादा एका गोदामात पोती वाहायला लागला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि त्या कामात गुडघ्यांनी दहा वर्षं साथ दिली हेच नवल. कोट मी धुलाईला दिला होता, खिसा न तपासता. परत आला तेव्हा खिशात कागदाचा कडक लगदा आणि त्यात अडकलेला पांढरा दोरा. किती मिनिटं होती ती, मला आजही माहीत नाही. रात्री-अपरात्री नव्हे, भर दुपारी, भाजी घेताना, दाढी करताना, मी तो आकडा ठरवत असतो. चार असेल. नऊ असेल. मी पुढे पंचवीस-तीस कारखाने जोडले आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः खाली उतरून, घड्याळ हातात घेऊन, गाडीवाल्याबरोबर चाललो. लोक म्हणायचे, केवढा काटेकोर माणूस! एकदाही कुणी विचारलं नाही की हे वेड कुठून लागलं.

"मग पुढे?" वहिनी म्हणाली. "साहेबांना दिसला का तो मुंगळा?"

इथे गोष्ट संपते. दर वेळी इथेच संपते: साहेब आले, मुंगीएवढा माणूस नाहीसा झाला, आकडा शून्य, आणि यंत्रापुढे कुणाचं चालतं. पण आज दादाचा चेहरा वळला होता. पहिल्यांदाच. खिडकी सोडून तो माझ्याकडे बघत होता, शांत, जरासा उत्सुक, गाडी पुढे कशी काढतो ते बघावं तसा. उद्या ही खुर्चीही जाणार. मला हाव सुटली. आजवर मी गोष्टीत चिठ्ठी कधी आणली नव्हती. थापेत खरी वस्तू घालू नये हे मला सहाव्या वर्षापासून कळतं. पण वाटलं, एवढी एक घातली की पटेल. एवढी एक.

"अहो वहिनी, आकडा काय माझ्या मनचा होता? दादाने स्वतः मोजून चिठ्ठी दिली होती. वर जाऊन मी पहिलं काम केलं ते चिठ्ठी उघडायचं. गाठ सुटेना, दोरा दाताने तोडला. आत याच्या गोल-गोल अक्षरात लिहिलेलं: सात मिनिटं. खाली रेघ मारलेली. ते सात मी पाच वेळा भरलं, आणि पाचही वेळा त्या मेल्या यंत्राने…"

"सात," दादा म्हणाला.

नुसता शब्द. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दुकानदाराने सांगितलेला भाव पुन्हा उच्चारून बघावा तसं काहीसं. वहिनीने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाटी हळूच खाली ठेवली. जिन्यावरून ते दोघं रिकामी गाडी घेऊन परत येत होते. गाडी उंबऱ्याला लागली, ठक्. मी दादाच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते, एकात एक गुंतवलेले. हलले नाहीत.

"थापाड्या," तो म्हणाला, "तू ती चिठ्ठी उघडलीच नाहीस."

मी हातातला कप शेजारच्या खोक्यावर ठेवला.

"आकडा नव्हता तीत. मी एकट्याने मोजलेलं वर कोण धरणार होतं? मी लिहिलं होतं, नऊला घड्याळ घेऊन खाली ये, एक फेरी दोघं मिळून मारू." त्याने चष्मा पुन्हा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. "साडेदहापर्यंत थांबलो होतो मी उतारावर. गाडी भरून ठेवली होती."